खुशालीचं कार्ड : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या पोस्टकार्डांवर लिहिताना एक गोष्ट मी ठासून सांगितली होती. कार्डाचं मोल त्याच्यावरच्या छापात नाही, मजकुरात आहे. आणि सुट्या कार्डापेक्षा एका घरच्या सबंध गठ्ठ्यात ते कितीतरी जास्त आहे. त्यावर बरीच पत्रं आली. कुणी माळे धुंडाळले, कुणी वाद घातला, कुणी कार्डांचे फोटो पाठवून ‘एवढं वाचून द्या’ म्हटलं. मी उभी नोकरी आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टिंगची केली. हातांखालून कार्डांच्या राशी गेल्या, पण पत्ता तेवढा पाहायचा, मजकूर वाचायचा नाही, ही शिस्त होती. निवृत्तीनंतर पुण्याच्या जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी कार्डं आणून वाचायला लागलो, ते आजतागायत. त्या अनुभवावर ही उत्तरं देतो आहे.

चिपळूणहून एक वाचक : आजोळचं घर उतरवताना पडवीतल्या खुंटीला एक तार सापडली. तिला पुष्कळ कार्डं ओवलेली आहेत, बरीचशी राजाच्या छापाची. ओळखीचे एक तिकीटसंग्राहक म्हणाले, छापाचा कोपरा तेवढा कापून द्या, बाकीचं टाकलंत तरी चालेल. काय करू?

कात्री अजिबात लावू नका. पोस्टकार्डावरचा राजाचा मुखवटा म्हणजे वरून चिकटवलेलं तिकीट नव्हे, तो कार्डावरच छापलेला असतो. कापलात की कार्ड तर जातंच, आणि त्या कापलेल्या चौकोनाला जाणता संग्राहकही फारसं विचारत नाही. शिवाय ही कार्डं दुर्मीळ नाहीत. आपल्याकडे पोस्टकार्ड सुरू झालं १ जुलै १८७९ ला, पाव आण्याला. आणि १९२२ पर्यंत दर तोच राहिला. इतकी वर्षं गरीब-श्रीमंत सगळ्यांनी ते वापरलं. व्हिक्टोरिया राणीच्या छापाचं साधं वापरलेलं कार्ड आजही फार पैसे न मोजता मिळतं. तुमच्या तारेवर जे आहे ते मात्र जगात दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

म्हणून आधी तारेचा विचार करा. पत्रांची अशी तार पूर्वी घरोघर असे. खाली अडकवणीला लाकडी चकती, वर आकडा. आलेलं पत्र वाचून झालं, उत्तर गेलं, की वरून खोचायचं. म्हणजे तळाचं कार्ड सर्वांत जुनं आणि आकड्याजवळचं सर्वांत नवं. ज्या कार्डावर तारीख नाही त्याचा काळ वरच्या-खालच्या कार्डांवरून लागतो. हा क्रम एकदा मोडला की कुणालाही पुन्हा लावता येत नाही. तेव्हा आधी तार आहे तशी सगळ्या बाजूंनी फोटोत घ्या. मग कार्डं ओढून काढू नका, भोकं फाटतील. तारेचा वरचा आकडा पक्कडीने कापा आणि एकेक कार्ड अलगद वर उचला. उचलाल त्या क्रमाने पाकिटांत घाला. क्रमांक पाकिटावर घाला, कार्डावर नको. भोकापाशी दोन-चार अक्षरं गेली असतील, भोवती गंजाचं वर्तुळ असेल. ते असू द्या.

क्रम कशाला हवा, ते माझ्याकडच्या एका तारेवरून सांगतो. राजापूर तालुक्यातल्या एका घरची ती तार. गिरगावात चाळीत राहणारा थोरला मुलगा गावी वडिलांना लिहितो. त्याचं मे महिन्यातलं एक कार्ड इतकं गच्च भरलंय की मजकूर पत्त्याच्या बाजूवरही चढलाय. बोट बंद व्हायच्या आत धाकट्याला जैतापूरला बसवून द्यावं, सोबत वाडीतले ओळखीचे गृहस्थ आहेत. आमसुलं, कुळथाचं पीठ आणि थोडं तूप पाठवावं. फणस नको, बोटीत लोक कुरकुरतात. धाकट्याचं नाव शाळेत घालायची तजवीज झाली आहे. निजायची सोय गॅलरीत होईल. वाटखर्चाचे पाच रुपये मनीऑर्डरीने पाठवले, पोच यावी. मग सही. आणि सही झाल्यावर, कार्ड उलटं धरून, वरच्या रिकाम्या पट्टीत एकच ओळ: आईच्या दम्याचं आपण काहीच लिहीत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणची बोट बंद व्हायची ती पाऊस ओसरेपर्यंत. म्हणून कोकणातल्या घरांच्या गठ्ठ्यांत मे महिन्याची कार्डं नेहमी अशी घाईची आणि ठासून भरलेली दिसतात. माणूस, सामान, निरोप, सगळं त्या शेवटच्या बोटीवर चढवायचं असतं. आता या कार्डाच्या लगेच वर तारेत होतं ते धाकट्याच्या हातचं. पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत, ओळी तिरक्या. त्यावर तारीख नाही, शिक्का वाचता येत नाही. सुटं मिळालं असतं तर ते कुणाचं, कधीचं, काहीच कळलं नसतं. त्यात त्याने लिहिलंय की नळाला पाणी पहाटे येतं, दादा लवकर उठवतो, आणि आईने दिलेले लाडू संपले.

नागपूरहून एक वाचक : माझ्याकडच्या कार्डावर पाचव्या जॉर्जचा अर्ध्या आण्याचा छाप आहे. मिती फक्त ‘कार्तिक व. ५, गुरुवार’. शक नाही, शिक्का पुसट. वर्ष कसं काढावं?

एका खुणेवर भिस्त ठेवायची नाही. छाप पाहा, पण छाप ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगतो. राजा बदलला म्हणून घरातली जुनी कार्डं कुणी फेकून दिली नाहीत. फडताळात राहिलेलं कार्ड कित्येक वर्षांनीही पेटीत पडायचं. पाव आण्याचा अर्धा आणा झाला तो १९२२ मध्ये, म्हणजे तुमचं कार्ड त्याच्या अलीकडचं. पाचवा जॉर्ज १९३६ च्या जानेवारीत गेला. त्यापुढेही थोडी सूट धरा. या मधल्या वर्षांची जुनी पंचांगं काढा किंवा संगणकावरचं पंचांग वापरा आणि कार्तिक वद्य पंचमीला गुरुवार कोणत्या वर्षी होता ते पाहा. दोन-तीनच वर्षं उरतील. मग मजकुरातली एखादी गोष्ट त्यातलं एक पक्कं करते: एखाद्या मुलाची इयत्ता, अधिक महिन्याचा उल्लेख, कुणाचं तरी लग्न.

शक दिला असेल तर ७८ मिळवा. शके १८३० चा कार्तिक म्हणजे १९०८. पण माघ-फाल्गुनाची कार्डं इंग्रजी वर्ष बदलल्यानंतरची असतात, तिथे ७९. नागपूरकरांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तुमच्याकडच्या गठ्ठ्यांत हिंदी मुलखातल्या व्यापाऱ्यांची कार्डं हमखास निघतात. त्यांच्याकडे संवत असतो, त्यातून ५७ वजा करा. आणि त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आपला कार्तिक वद्य पक्ष त्यांच्या हिशेबात मार्गशीर्षाचा. हे ध्यानात न घेतल्यास कार्ड महिनाभराने सरकतं.

पुसट शिक्क्यासाठी कार्ड खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात धरा, मोबाइलवर फोटो काढून काळं-पांढरं गडद करून पाहा. शिक्के बहुधा दोन असतात, निघालेल्या ठिकाणचा आणि पोचलेल्या ठिकाणचा. एक गेला तरी दुसरा वाचता येतो. पुढच्या काळातल्या कार्डांना दोन सोप्या खुणा आहेत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्यानंतरच्या छापावर किंमत नव्या पैशांत येते. आणि पत्त्यात पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. पिनकोडची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी आणि संस्कृतात काव्य लिहिणारे पंडित, ही गोष्ट टपाल खात्यातला माणूस म्हणून मला नेहमी सांगाविशी वाटते. पिनकोड नसला म्हणजे कार्ड जुनं, असं मात्र समजू नका. लोकांनी तो लिहायला पुष्कळ वर्षं घेतली.

सोलापूरहून एक वाचक : सगळी कार्डं एकाच साच्याची. वर श्री, मग साष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे, लोभ असावा. यात रोजचं आयुष्य कुठे दिसतं?

साचा सोडून वाचायला लागा. मी कार्ड हातात घेतलं की आधी कडा पाहतो. मजकूर संपल्यावर समासात, उलटं धरून, सहीच्या खाली जे कोंबलेलं असतं ते बहुधा मनातलं असतं. कार्ड उघडं. ते पोस्टात, वाटेत, शेजारी, सगळ्यांच्या नजरेखालून जाणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. म्हणून ‘मागे बोलणे झाल्याप्रमाणे’, ‘ती गोष्ट अजून होत नाही’, ‘समक्ष भेटीत’ अशी आडून लिहिलेली वाक्यं येतात. सुट्या कार्डात ती मुकी राहतात. गठ्ठा असेल तर तीन कार्डांनंतर कळतं की ती गोष्ट म्हणजे बहिणीचं जुळत आलेलं लग्न, आणि अडलंय ते हुंड्याच्या रकमेवर.

दुसरं, नमस्कार-आशीर्वादांची यादी ओळीने वाचा. कुणाकुणाला आशीर्वाद, कुणाला नमस्कार, कोणत्या क्रमाने. ती घराची शिरगणती असते. यादीत नवं ‘चि.’ आलं म्हणजे पाळणा हलला. ‘सौ.’ची ‘गं. भा.’ झाली म्हणजे काय घडलं ते सांगायला नको. एखादं नाव वर्षभर येत राहतं आणि मग अचानक येत नाही.

बाईचं पत्र तिच्याच हातचं असेल असं धरून चालू नका. पुष्कळदा आई सांगे आणि मुलगा लिही. असं एक कार्ड माझ्याकडे आहे. आई लेकीला बाळंतपणाच्या सूचना देते आहे, डिंकाच्या लाडवांत काय घालावं, तेल कुठलं लावावं. वाक्यं तिची, अक्षर शाळकरी मुलाचं. खाली त्याने आपल्या वतीने लिहून टाकलंय: ताई, मला गणितात कमी गुण पडले, आईने हे लिहायला सांगितलेले नाही.

तुमच्या सोलापुरात तर आडतदुकानांची कार्डं भरपूर सापडतील. लोक ती वाचत नाहीत, कारण त्यांत नुसते भाव असतात. जरूर वाचा. गुळाचा, शेंगेचा, कापसाचा भाव, आणि खाली एका ओळीत ‘गावात गाठीचा उपद्रव आहे, आम्ही शेतात झोपडी करून आहोत, पत्र दुकानाच्याच पत्त्यावर टाकावे’. ही गाठ म्हणजे प्लेगची. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला आणि पुढे किती वर्षं गावागावांत पुन्हा पुन्हा येत राहिला, हे इतिहासात वाचलेलं असतं. दर थंडीत घरदार सोडून रानात राहायचं आणि तिथून बाजारभाव कळवत राहायचं, हे मला त्या कार्डांनी दाखवलं.

वाईहून एक वाचक : आमच्या घरात १९१८ च्या तापाच्या साथीत तीन माणसं गेली असं आजी सांगे. त्या काळातली कार्डं घरात जपलेली आहेत, पण मृत्यूबद्दल एकही नाही. आजीची गोष्ट खोटी समजायची का?

नाही. आजी खरंच सांगत असणार. ती कार्डं तुमच्या गठ्ठ्यात असणं शक्यच नव्हतं. मृत्यूची खबर देणाऱ्या कार्डावर वर श्री घालत नसत, कुंकवाचं बोट लावत नसत, पुष्कळदा कोपरा फाडत. असं कार्ड पोस्टमनच्या हातात दिसलं की घरातल्या माणसाला वाचण्याआधीच कळे. ते घरात न्यायचं नाही, बाहेरच वाचून फाडून टाकायचं, मग स्नान. तारेला ते कधी लागलंच नाही. त्यामुळे जुन्या कार्डांचे सगळे संग्रह, माझाही, एका बाजूला झुकलेले आहेत. त्यांत लग्नं, बारशी, परीक्षा, आंबे आहेत आणि मरण जवळजवळ नाही. कार्डांवरून त्या काळाबद्दल काही म्हणताना ही गोष्ट कधीच विसरू नये. मला ती फार महत्त्वाची वाटते, म्हणून तुमच्या प्रश्नाला जास्त जागा देतो.

ती इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत शिरली १९१८ च्या जूनमध्ये. पण खरा कहर केला तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेने. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी पाऊसही फसला, धान्य महागलं. तेव्हा तुमच्या गठ्ठ्यातली ऑगस्ट १९१८ ते फेब्रुवारी १९१९ ही कार्डं बाजूला काढा आणि तारखेने मांडा. पहिली गोष्ट, खंड पाहा. दर आठ-पंधरा दिवसांनी येणारी कार्डं आश्विनात थांबतात का? किती दिवस? पुन्हा सुरू होतात तेव्हा अक्षर तेच आहे का? घरातलं लिहितं माणूस गेलं असेल तर पुढची कार्डं दुसऱ्याच हातची असतील.

मग याद्या पाहा, वर सांगितल्याप्रमाणे. मग पैसे पाहा. ‘दिवसांसाठी म्हणून दहा रुपये पाठवले’ हे वाक्य शोकाचं पत्र नसतं, हिशेबाचं असतं, म्हणून ते फाडलं जात नाही. आणि पुढच्या वर्षीची, म्हणजे १९१९ च्या भाद्रपद ते कार्तिकातली कार्डं फार नीट वाचा. वर्षश्राद्धाला कोण येणार, गुरुजी ठरले का, दूध कुठून आणायचं, अशी कामाची कार्डं त्यांत सापडतात आणि त्यांत तिथी असते. ती तिथी म्हणजेच मृत्यूची तिथी. तीन माणसं असतील तर तीन तिथ्या मिळायला हव्यात. दोनच मिळाल्या तर तिसरं माणूस बहुधा दुसऱ्या गावी, लेक असेल तर सासरी, गेलेलं असेल. तिचं वर्षश्राद्ध तिकडे.

कार्डांबाहेरही दोन ठिकाणी शोध घ्या. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंद, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ती असली तर नक्कल मागा. आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तुमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराची नामावळ असेल. पुढच्या पिढीतलं कुणी क्रियाकर्माला गेलं असेल तर गेलेल्यांची नावं तिथे लिहिलेली सापडतील.

माझ्याकडे फेब्रुवारी १९१९ चं एक कार्ड आहे, भावाने मेहुण्याला लिहिलेलं. त्यात कुणी गेल्याचा शब्द नाही. मजकूर असा की दोन्ही मुलं इथे रमली आहेत, थोरला शाळेत जातो, धाकटी रात्री उठत नाही. तुम्ही घाई करून यावं असं नाही, पेरणी उरकून या. दुधाचे पैसे पाठवू नयेत. त्याच घरच्या आदल्या वर्षीच्या कार्डांत ही मुलं आईबरोबर माहेरी आलेली आहेत. या वेळी आईचं नाव कुठेच नाही. तुमच्या गठ्ठ्यात असं एखादं असेलच. ‘मुलं आमच्याकडे राहू द्या’ अशा अर्थाचं वाक्य शोधा.

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एक वाचक : इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मुंबई-पुण्याची चित्रकार्डं मिळतात. धोबी, भिस्ती, गाडीवान, ‘हिंदू बाई’. मागे साहेबांनी लिहिलेला इंग्रजी मजकूर. ही जमवण्यासारखी आहेत का?

जमवा, पण काय हातात येतंय ते ओळखून. ही कार्डं मुख्यतः इथे आलेल्या गोऱ्या लोकांनी घरी पाठवण्यासाठी विकत घेतली. छपाई बरीचशी जर्मनीत होई, पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत. मुंबईच्या क्लिफ्टन कंपनीची छायाचित्रं, लंडनच्या राफाएल टक कंपनीची रंगीत कार्डं तुम्हाला वारंवार दिसतील. आपल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी चितारलेली मुंबईकरांची कार्डं मिळाली तर सोडू नका. त्यांतली माणसं पाहून काढलेली आहेत, नेसणं आणि चाल बघितली की कळतं.

मागची बाजू कोरी नसेल ते घ्या. देवळालीच्या छावणीतून, पुण्याच्या लष्करातून लिहिलेल्या मजकुरात उकाडा, मेसचं बिल, आईचं पत्र न आल्याची तक्रार, परतीच्या जहाजाची वाट असते. तेही रोजचंच जगणं आहे आणि तितकंच खरं आहे. पुढच्या बाजूच्या धोब्याचं मात्र नावही कुणी लिहिलेलं नसतं, याची मला दर वेळी खंत वाटते. कालनिर्णयाला एक खूण: इंग्लंडमध्ये पत्त्याच्या बाजूवर मजकूर लिहायची मुभा १९०२ ला मिळाली. त्याआधीची कार्डं चित्राच्या कडेने लिहिलेली असतात.

ठाण्याहून एक वाचक : आजीने आजोबांना लिहिलेली कार्डं सापडली. फार सुंदर आहेत. ती फेसबुकवर टाकावीत असं मला वाटतं. काकांचा विरोध आहे. कार्ड तर उघडंच असतं, मग हरकत कसली?

काकांचं ऐका, निदान बसून बोला. कार्ड उघडं होतं ते टपालाच्या वाटेवर. ते वाचणारे पोस्टातले आम्ही लोक तोंड मिटून होतो, म्हणून तर तुमच्या आजीने त्यावर चार शब्द मोकळेपणाने लिहिले. कायद्यानेही कागद तुमच्या मालकीचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्यानंतर वारसांचा. तुमचे काका वारस आहेत.

माझा स्वतःचा रिवाज सांगतो. बाजारातून आणलेल्या कार्डाबद्दल लिहिताना नाव, आडनाव, घराचा पत्ता देत नाही. तालुका सांगतो, गाव नाही. आजार, कर्ज, मोडलेलं लग्न, भाऊबंदकी यांतलं काही असेल आणि त्या माणसांची मुलं-नातवंडं हयात असण्याजोगा काळ असेल तर ते कार्ड कपाटातच राहतं, कितीही चांगलं असलं तरी. घरच्या कार्डांसाठी याहून जास्त जपायला हवं. आधी सगळी कार्डं दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, मजकूर उतरवून काढा, आणि त्याच्या प्रती घरातल्या सगळ्यांना द्या, काकांना आधी. कुठली बाहेर द्यायची ते सगळ्यांनी वाचल्यावर ठरेल. मला वाटतं, काका स्वतःच दोन-तीन निवडून देतील.

सावंतवाडीहून एक वाचक : इकडे दमट हवा. कार्डांना बुरशी आणि कसर लागते. लॅमिनेशन करून घेऊ का?

लॅमिनेशन नको, चिकटपट्टीही नको. दोन्हींचा डिंक कागदात मुरतो आणि मग काढता येत नाही. फोटोच्या आल्बमची चिकट पानंही टाळा. पॉलिप्रॉपिलिनचे किंवा पॉलिएस्टरचे साधे, दोन बाजूंनी उघडे खिसे मिळतात, ते घ्या. वास येणारं मऊ प्लास्टिक घेऊ नका. खोका भिंतीला टेकवून ठेवू नका, तळच्या कप्प्यात नको. ऑक्टोबरात उघड्या दिवशी कार्डं सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यावर पसरा, उन्हात नाही. बुरशी मऊ कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका, नाकाला फडकं बांधून. ओलं बोट लावू नका. जुन्या कार्डांत कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली खूप असतात. पाण्याचा थेंब लागला की ते अक्षर जांभळं होऊन पसरतं आणि मजकूर कायमचा जातो.

ग्वाल्हेरहून एक वाचक : पणजोबांची कार्डं मोडी लिपीत आहेत. छाप राणीचा, त्यावर ‘ग्वालियर’ असं वेगळं छापलेलं. घरात मोडी कुणालाच येत नाही. वाचून कोण देईल?

ग्वाल्हेर संस्थानाने इंग्रज सरकारची कार्डं घेऊन त्यांवर आपलं नाव छापून वापरली, ती ही. जपून ठेवा. वाचून देणारे जाणकार पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात भेटतील. महाराष्ट्र शासनाचा पुराभिलेख विभागही मोडीचे वर्ग घेतो. पण माझं आग्रहाचं सांगणं असं की तुम्ही स्वतः शिका. दरबारी कागदांपेक्षा घरगुती कार्ड सोपं पडतं आणि त्याचं कारण म्हणजे तोच साचा, ज्याचा सोलापूरच्या वाचकांना कंटाळा आला आहे.

सुरुवातीला काय लिहिलेलं असणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे. कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष, किंवा अनेक आशीर्वाद. शेवटी लोभ असावा हे विज्ञापना. मोडीची बाराखडी समोर ठेवा आणि या ठरलेल्या शब्दांतली अक्षरं पणजोबांच्या हातची कशी दिसतात ते एका कागदावर उतरवून घ्या. न, म, स, क, र, व, ल, भ एवढी अक्षरं तिथेच हाती लागतात. मग पत्ता पाहा, तो बहुधा देवनागरीत किंवा इंग्रजीत असतो. त्यातली नावं मजकुरात शोधा. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, हे लक्षात ठेवलंत की निम्मी अडचण सुटते. एका माणसाचं एक कार्ड लागलं की त्याची बाकीची भराभर लागतात, कारण हात तोच.

तरीही अडलेलं कार्ड मला पाठवायला हरकत नाही. फोटो दोन्ही बाजूंचे पाठवा, कडा कापल्या जाऊ देऊ नका, आणि त्याच्या मागचं-पुढचं एकेक कार्डही सोबत असू द्या.